पर्वतशिखरांवरील सदाहरित गाद्या व त्यांची शिलोद्यानातील लागवड

हिमालयाच्या उंच भागात यात्रेस अगर अभ्यास-सहलीस जाऊन आलेली मंडळी परतताना तेथील एखादे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात आणि गावी आल्यावर ते कसे जगवावे, अशी पृच्छा ग्रामसेवकाकडे अथवा कृषि सहाय्यकाकडे करतात. दगडाला घट्ट बिलगून वाढलेली, शेवाळासारखी दाट आणि हंगामात इवल्याशा फुलांनी पूर्णपणे झाकून जाणारी ती हिरवी गादी कोणासही मोह पडावा अशीच असते. घरी आल्यावर ती कुंडीत लावली जाते, तिला भरपूर शेणखत दिले जाते, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले जाते आणि दोन-तीन आठवड्यांत ती मधोमध काळी पडून सडून जाते. 'तिला येथे थंडी मिळाली नाही' असा निष्कर्ष मग काढण्यात येतो. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. या वनस्पतींना थंडी मारीत नाही हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांना प्रत्यक्षात कोण मारते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बुंध्याशी साचून राहणारे पाणी हा त्यांचा पहिला शत्रू होय. थंड देशांतील बागवानांनी शिलोद्यान म्हणून जो लागवडीचा प्रकार सिद्ध केला, त्याची सर्व रचना या एका शत्रूस दूर ठेवण्यासाठी आहे.

वृक्षरेषेच्या वर

पर्वत चढत गेल्यास दर एक हजार मीटर उंचीस हवेचे तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. एका विशिष्ट उंचीच्या पुढे वृक्ष वाढू शकत नाहीत. युरोपातील आल्प्स पर्वतात ही मर्यादा सुमारे दोन हजार मीटरच्या आसपास, तर पश्चिम हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या आसपास आढळते. या वृक्षरेषेच्या वर व कायम बर्फाच्या खाली जो पट्टा राहतो, त्यात वाढणाऱ्या वनस्पतींस आल्पाइन वनस्पती असे म्हणतात. तेथे वाढीस मिळणारा काळ दोन-तीन महिन्यांचाच असतो. वारा अखंड वाहतो. माती म्हणजे फुटलेल्या खडकाची कच आणि तिच्या फटींत अडकलेला थोडासा कुजलेला पाला एवढेच.

अशा ठिकाणी उंच वाढणे हे मरणास आमंत्रण होय. म्हणून येथील अनेक वनस्पतींनी जमिनीसरसे पसरण्याचा मार्ग पत्करला आहे. त्यांच्या शेकडो लहान फांद्या एकमेकींस चिकटून वर एकसारखी घट्ट गादी तयार होते. वारा तिच्यावरून निघून जातो व आत शिरत नाही. सूर्य तळपत असताना या गादीच्या आतील तापमान बाहेरील हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक असू शकते. झडलेली जुनी पाने आतच कुजून रोपाचे खत बनतात. पाने सदाहरित असण्याचेही कारण आहे. बर्फ वितळताच पहिल्या दिवसापासून अन्न तयार करता यावे, नवी पाने फुटण्यात त्या तोकड्या हंगामातील पंधरा-वीस दिवस खर्ची पडू नयेत, यासाठी ही तजवीज आहे. दोन-तीन महिन्यांत वर्षाचा संसार उरकावयाचा असल्यास आपणही असेच केले असते.

वर गादी वीतभर दिसली, तरी खाली मूळ कित्येकदा हातभर अथवा त्याहून खोल गेलेले असते. पृष्ठभाग कोरडा व तापलेला, परंतु खोलवर दगडाच्या सावलीत ओलावा व गारवा अशी दुहेरी स्थिती या वनस्पतींस मानवते. डोके कोरडे व पाय गार, हे या वनस्पतींचे सूत्र ध्यानात ठेवावे.

वाढीचा वेग इतका मंद असतो की, भाकरीएवढी गादी कित्येक दशकांची असू शकते. सायलीन अकॉलिस या गुलाबी फुलांच्या आल्पाइन वनस्पतीची झुडपे शंभर वर्षांहून अधिक काळ जगतात असे दिसून आले आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले रोप पुष्कळदा आणणाऱ्यापेक्षा वयाने वडील असते! शिवाय उपटताना लांब मूळ तुटते, ते पुन्हा फुटत नाही, आणि डोंगरावर राहिलेली मोकळी जागा त्या माणसाच्या हयातीत भरून येत नाही. उत्तराखंडातील 'फुलांची दरी' १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली व तेव्हापासून तेथून रोप नेणे तर दूरच, फूल तोडणेही वर्ज्य आहे. अन्यत्र रक्षक उभा नसला, तरी कारण तेच लागू पडते.

बर्फाचे कोरडे पांघरूण

हिवाळ्यात या वनस्पतींवर हातभर ते पुरुषभर बर्फ साचतो. बर्फ म्हणजे ओलावा, अशी आपली सहज समजूत होते. परंतु गोठलेला बर्फ झाडाच्या दृष्टीने कोरडाच असतो. त्याच्या वर हवेचे तापमान शून्याखाली वीस अंश गेले, तरी जाड थराखाली ते शून्याच्या आसपासच राहते. गादी त्या पांघरुणाखाली कोरडी, अंधारात व निश्चल अवस्थेत चार-सहा महिने झोपी जाते. बर्फ वितळू लागला म्हणजे त्याचे पाणी खडीतून झरझर खाली उतरते; ते वाहते, साचत नाही.

हीच वनस्पती लंडनसारख्या ठिकाणी आणली म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. तेथील वार्षिक पर्जन्यमान सुमारे सहाशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या पुण्याहूनही काहीसे कमीच. परंतु हा पाऊस बाराही महिने रिमझिम पडतो. हिवाळ्यात बर्फाच्या पांघरुणाऐवजी गादीच्या केसाळ पानांत दिवसेंदिवस पाणी मुरून राहते, ते सुकण्यास ऊन मिळत नाही, बुरशी शिरते आणि मध्यभाग सडतो. तेथील थंडी आल्प्सच्या मानाने अगदीच सौम्य असूनही झाड मरते. यास्तव तेथील जाणते बागवान हिवाळ्यात नाजूक गाद्यांवर काचेचा तुकडा तिरपा बसवितात. बाजू मोकळ्या राहून वारा खेळतो, पाणी मात्र पडत नाही. क्यू येथील प्रसिद्ध वनस्पति-उद्यानात २००६ साली जे नवे आल्पाइन काचगृह उघडण्यात आले, त्याचीही कल्पना हीच आहे. भूमिगत मार्गांतून गार हवा आत येते, तापलेली हवा वरून निघून जाते व पाऊस बाहेर राहतो. काचगृह म्हटले की ऊब देण्यासाठी, असे आपण समजतो. हे मात्र गारवा व कोरडेपणा देण्यासाठी आहे.

दगडांची मांडणी

दगडांत रोपे लावण्याची हौस युरोपात जुनी आहे. लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात १७७३ साली रचलेले शिलोद्यान आजही उभे असून त्यात आइसलँडहून आणलेला ज्वालामुखीचा दगड वापरलेला आहे. क्यू येथील शिलोद्यान १८८२ सालचे. प्रारंभी मात्र पुष्कळ ठिकाणी मातीचा ढीग करून त्यावर दगड उभे खोचावयाचे, एवढीच समजूत होती. रेजिनाल्ड फॅरर या इंग्रज लेखकाने अशा ढिगांची यथेच्छ थट्टा केली. शिऱ्यावर बदाम खोचल्याप्रमाणे दिसणाऱ्या त्या रचनेत झाडे जगत नसत, याचे कारण सौंदर्याचे नसून पाण्याचे होते. उभ्या दगडावरून पावसाचे पाणी मुळांकडे न जाता बाहेर ओघळते. मूळ उपाशी राहते आणि माती धुपून जाते. बांधबंदिस्तीचे काम केलेल्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

योग्य रचना पुढीलप्रमाणे करतात. जागा मोकळी, उन्हाची व शक्य तर थोड्या उताराची निवडावी. झाडाखालची जागा कटाक्षाने टाळावी, कारण पाऊस थांबल्यावरही पानांवरून ठिबकणारे पाणी आणि पानगळीचे ओले थर हे दोन्ही गाद्यांस घातक असतात. त्या जागेतील बहुवर्षायु तणांची मुळे आधीच खणून वेचावीत. दगड एकदा बसले की, त्यांच्याखाली राहिलेले मुळाचे पेर बाहेर काढणे अशक्य होते. तेथील हौशी बागवान निम्मे आयुष्य याच पश्चात्तापात घालवितात असे म्हटल्यास अतिशयोक्ति होऊ नये.

तळाशी सुमारे पंधरा सेंटिमीटर जाडीचा दगड-विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. त्यावर माती खाली झिरपून निचऱ्याच्या वाटा बुजू नयेत म्हणून खडबडीत पाल्याचा पातळ थर घालावा. वरील मिश्रणात पोयट्याची माती एक भाग, चांगला कुजलेला पालापाचोळा एक भाग व भरड वाळू किंवा बारीक खडी एक भाग असे प्रमाण सर्वसाधारण वनस्पतींस पुरते. कड्याच्या पायथ्याशी घसरून साचलेल्या कचेत वाढणाऱ्या अधिक हट्टी वनस्पतींकरिता खडीचे प्रमाण मातीच्या तिप्पट ते पाचपट ठेवतात. पूर्वी पालापाचोळ्याच्या जागी दलदलीतून काढलेले पीट वापरीत. त्यासाठी दलदली उजाड होऊ लागल्यामुळे आता ते टाळण्याकडे कल आहे. शेणखत घालू नये. सकस खताने गादी सैल, लुसलुशीत व उंच वाढते, आणि पहिल्याच ओल्या हिवाळ्यात कोसळते.

दगड एकाच जातीचे असावेत व त्यांचे थर एकाच दिशेने जावेत, म्हणजे खडक जमिनीतूनच वर आल्यासारखा दिसतो. प्रत्येक दगड किमान एक-तृतीयांश मातीत गाडावा व त्याचा माथा किंचित मागे, उताराच्या आतील बाजूस, कलता ठेवावा. त्यायोगे त्यावर पडलेले पाणी मागे जाऊन मुळांस मिळते. त्यावर उभे राहून पाहावे. दगड हलला तर पुन्हा बसवावा. दोन दगडांच्या फटीतील रोप रचना चालू असतानाच, मूळ सरळ खाली सोडून, लावून घ्यावे. रचना पूर्ण झाल्यावर त्या फटीत रोप कोंबणे म्हणजे त्याचे मूळ मोडणेच होय.

सर्वात शेवटी, परंतु महत्त्वाने सर्वात आधी, येते ते खडीचे आच्छादन. प्रत्येक गादीच्या खाली, बुंध्याभोवती, सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर हाताने सरकवावा. पाने मातीस न टेकता खडीवर टेकतात. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल उडत नाही, बुंधा तासाभरात सुकतो, खालची माती मात्र गार व ओलसर राहते. काही करणे जमले नाही आणि एवढेच केले, तरी निम्मी झाडे वाचतात.

मोठी जागा नसल्यास दगडी डोणीत लागवड करता येते. इंग्लंडमध्ये गुरांना पाणी पाजण्याच्या जुन्या दगडी डोणी पत्र्याच्या टाक्या आल्यावर निरुपयोगी होऊन शेतांवर पडून होत्या. विसाव्या शतकात आल्पाइन वनस्पतींच्या शौकिनांनी त्या उचलून तळाशी भोके पाडून लागवडीस वापरल्या आणि मग त्यांना अशी किंमत आली की जुन्या डोणी मिळेनाशा झाल्या.

काही निवडक वनस्पती

ड्रायास ऑक्टोपेटाला ही गुलाबाच्या कुळातील वनस्पती जमिनीसरसे पसरणारी व काष्ठमय फांद्यांची आहे. पाने लहान, कातरलेल्या कडांची, वरून गडद हिरवी व खालून पांढऱ्या लवेची. फुले शुभ्र, बहुधा आठ पाकळ्यांची. आइसलँडचे ते राष्ट्रीय पुष्प आहे. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी युरोपात अकस्मात परतलेल्या व हजारावर वर्षे टिकलेल्या शीतकाळास या वनस्पतीचेच नाव मिळाले आहे. कारण तळ्यांच्या गाळात त्या काळच्या थरांमध्ये तिची पाने विपुल सापडली. फांद्या टेकतील तेथे मुळे सोडीत असल्याने ती उतारावरील सैल खडी बांधून धरते.

सॅक्सिफ्रागा या वर्गाचे नाव 'दगड फोडणारी' या अर्थाचे आहे. आपल्या आयुर्वेदातील पाषाणभेद हे नाव अगदी त्याच अर्थाचे, आणि पाषाणभेद म्हणून वापरली जाणारी हिमालयातील बर्जेनिया ही वनस्पती याच कुळातील, हा योगायोग कौतुकास्पद खरा. (आपल्या बाजारात या नावाने इतरही निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, हे खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) सॅक्सिफ्रागांपैकी रुपेरी जातींच्या पानांच्या कडांवर सूक्ष्म छिद्रांतून चुनखडीयुक्त पाणी पाझरते व ते सुकून पांढरी किनार उमटते. ज्या पर्णचक्रास फूल येते ते मरते. बाजूची चक्रे गादी पुढे चालवितात. आपल्या केळीची रीत हीच नव्हे काय? जांभळ्या फुलांची सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया स्वित्झर्लंडमधील डोम शिखरावर ४,५०५ मीटर उंचीवर आढळली आहे. युरोपात याहून उंचावर सपुष्प वनस्पती सापडलेली नाही. हिमालयात ही मर्यादा बरीच वर जाते. एव्हरेस्टच्या परिसरात अरेनेरिया ब्रायोफिला या गादीरूप वनस्पतीची नोंद ६,१८० मीटर उंचीवर झालेली आहे.

सेम्परव्हायव्हम म्हणजे 'सदाजीवी'. मांसल पानांची ही चक्रे उघड्या दगडावर मूठभर मातीत जगतात. रंध्रे रात्री उघडून दिवसा मिटून घेण्याची सवय असल्याने पाण्याचा व्यय अत्यल्प होतो. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या जहागिरींसाठी निघालेल्या आज्ञापत्रात बागवानाने आपल्या घराच्या छपरावर ही वनस्पती ठेवावी असे कलम आहे. विजेपासून घराचे रक्षण होते ही त्यामागील समजूत होती. बाराशे वर्षांपूर्वीचे ते एक प्रसारपत्रकच म्हणावयाचे! नवशिक्याने प्रारंभ हिच्यापासूनच करावा.

हिमालयातील अँड्रोसेसच्या काही जाती धावती खोडे फेकून वर्षाकाठी वीतभर पसरतात आणि बागेत तुलनेने सोप्या जातात. रानटी थाईम पायदळी तुडविली तरी टिकते व सुगंध देते. फ्लॉक्स सुब्युलाटा ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील वनस्पती काटेकोर अर्थाने आल्पाइन नव्हे. परंतु शिलोद्यानात तिला मानाचे स्थान आहे. जपानमध्ये ती भातखाचरांच्या बांधांवरही लावतात. दाट गालिचामुळे तण दबते, बांध धुपत नाही, आणि वसंतात बांध गुलाबी होतो ते निराळेच.

निगा व अभिवृद्धि

फुलोरा संपताच सैल वाढणाऱ्या जाती कात्रीने आवळून छाटाव्यात. गादीच्या मध्यभागी तपकिरी डाग दिसू लागल्यास मेलेला भाग चिमटीने काढून बारीक वाळूमिश्रित माती हलक्या हाताने आत भुरभुरावी. बाजूच्या फांद्या त्यात मुळे सोडून खळगा भरून काढतात. बिनशंखी गोगलगायींचा उपद्रव रात्री होतो, तो कंदील अथवा विजेरी घेऊन हाताने वेचूनच आटोक्यात ठेवणे श्रेयस्कर. पाणी देणे झाल्यास खोल व क्वचित द्यावे आणि ते गादीवर न ओतता बाजूच्या खडीवर द्यावे.

रोपे तीन प्रकारे करतात. सेम्परव्हायव्हम व रुपेरी सॅक्सिफ्रागा यांची बाजूची चक्रे अलग करून भरड वाळूत टेकविली म्हणजे झाले. ड्रायास, थाईम, फ्लॉक्स यांची उन्हाळ्याच्या अखेरीस तीन-चार सेंटिमीटर लांबीची छाट कलमे करतात. बियांपासून वाढवावयाचे असल्यास एक गोष्ट आवश्यक आहे: अनेक जातींच्या बियांना ओलसर थंडीत काही आठवडे काढल्याखेरीज उगवणच होत नाही. म्हणून पेरणी हिवाळ्याच्या तोंडाशी करून कुंड्या उघड्यावर ठेवतात. डोंगरावरील गादी न उपटता ती जात बागेत आणण्याचा हा खरा मार्ग होय. फ्रँक स्माइद याने १९३१ साली पाहिलेल्या फुलांच्या दरीत १९३७ साली पुन्हा जाऊन जे जमविले, त्यात बियांचा वाटा मोठा होता. बी मूठभर आणले तरी डोंगर जागच्या जागी राहतो.

आपल्याकडील विचार

महाराष्ट्राच्या मैदानी भागात या वनस्पती लावू नयेत, असेच स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. हिवाळ्याची दीर्घ झोप त्यांना येथे मिळत नाही. उन्हाळ्यात व पावसाळ्यात रात्रीचे तापमान वीस अंशांखाली क्वचितच उतरते, त्यामुळे दिवसा तयार केलेले अन्न रात्रीच्या श्वसनातच खर्ची पडते. महाबळेश्वर तरी थंड आहे, असे कोणी म्हणेल. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर, म्हणजे हिमालयाच्या वृक्षरेषेच्या निम्मीही नाही. आणि पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात. तेथे ही गादी जूनमध्ये लावल्यास जुलै पाहणार नाही. 'हिमालयातील दुर्मिळ गालिचा' म्हणून कोणी रोप विकू लागल्यास ग्रामसेवकांनी गावकऱ्यांस वेळीच सावध करावे. सेम्परव्हायव्हम मात्र डोणीत, पावसापासून आडोशाला, कोरड्या हवेच्या गावी हौसेखातर करून पाहण्यास हरकत नाही. ते टिकेल असा भरवसा देता येत नाही. परंतु त्यात मोठा खर्चही नाही.

आपल्या कासच्या सड्यावरील फुलझाडांकडेही याच निमित्ताने काही जणांची नजर वळते. २०१२ पासून हे पठार जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या क्षेत्रात आहे. तेथील वनस्पतींची गरज आल्पाइन वनस्पतींच्या अगदी उलट आहे. त्या कातळावरील बोटभर मातीत भर पावसाळ्यात फुलतात व कोरड्या ऋतूत कंद अगर बी यांच्या रूपाने लपून राहतात. बागेच्या खोल, सुपीक मातीत त्या तगत नाहीत. तेव्हा त्याही तेथेच राहू द्याव्यात.

खडीचे आच्छादन मात्र येथेही उपयोगी पडणारे आहे. कोरफड, निवडुंग व मांसल पानांची शोभेची झाडे पावसाळ्यात बुंध्याशी सडतात, ती बहुतेक चिखलात बसल्यामुळे. कुंडीच्या किंवा वाफ्याच्या मातीत एक-तृतीयांश भरड वाळू मिसळून, रोप भोवतालच्या पातळीपेक्षा दोन बोटे उंच लावून, बुंध्याभोवती अडीच सेंटिमीटर बारीक खडी पसरावी. खडी धुतलेली असावी. खडीयंत्रावरील भुकटी मिसळलेली खडी घातल्यास ती पहिल्याच पावसात सिमेंटप्रमाणे घट्ट बसते आणि पाणी बुंध्याशीच अडते. ती पाटीत घेऊन, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, दोन-तीनदा खळबळून घ्यावी.